विषय: ३०४ चा स्प्रे, थिनर आणि आमची तब्येत

मा. अध्यक्षसाहेब,

सप्रेम नमस्कार. रजिस्टरमधे लिहून झालं, ग्रुपवर टाकून झालं, तुम्ही अंगठा टाकलात आणि विषय संपला, म्हणून आता लेखी देतोय. पोच द्यावी.

३०४ वाले रोज संध्याकाळी दार सताड उघडं टाकून झुरळांचा स्प्रे मारतात. ओट्याखाली, मोरीच्या जाळीत, आणि शेवटचे दोन फवारे पॅसेजमधे चपलांच्या स्टँडमागे. आमच्या उंबऱ्यापाशी लादीवर तेलकट डाग राहतो आणि नातू रांगत नेमका तिथेच जातो. बरं झुरळं मरतात म्हणावं तर तसंही नाही, स्प्रेने ती बिथरतात आणि डक्टमधून आमच्या किचनमधे येतात. जेलचे बारीक ठिपके बिजागरीत लावले की ती खाऊन बिळात जाऊन मरतात, वासही येत नाही, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणे तुम्ही लावा.

त्यात फर्निचरचं काम. मेलामाइन पॉलिश आणि थिनरचे डबे झाकण न लावता लिफ्टसमोर. वॉटर बेस पॉलिश मिळतं, पण विचारणार कोण. आणि सफाईवाल्याला त्यांनीच शिकवलं की ब्लीचिंग पावडरमधे ॲसिड ओत, जिना चकाचक होतो. यातून क्लोरीन वायू सुटतो साहेब, १९१५ साली महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच!

आम्ही घरातून डांबरगोळ्या काढल्या, कारण जी-६-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. कॉइल बंद केली, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे धुराचे बारीक कण निघतात असं संशोधन आहे. मच्छरदाणी लावतो. पण खिडकी उघडली की एमआयडीसी, २०२० मधे रस्ता गुलाबी झालेलं हे डोंबिवली आहे, आणि दार उघडलं की ३०४. माणसाने श्वास घ्यायचा कुठून?

३०४ वाले उलट आमच्या धुपावर बोट दाखवतात. आमचा धूप शेणाच्या गोवरीवर कापूर घालून असतो, पूर्ण नैसर्गिक, त्याचा इथे काही संबंध नाही.

२०४ च्या काकूंनाही वास येतो, लिफ्टमधे स्वतः म्हणाल्या. ५०१ वाल्यांनी तर नाक धरूनच दाखवलं. म्हणजे अख्खी विंग माझ्या बाजूने आहे, सही करायला कोणी तयार नाही हा भाग वेगळा. उपविधीत स्पष्ट आहे की सभासदाने दुसऱ्याला उपद्रव होईल असं काही करू नये. (पॅसेजमधल्या कुंड्यांचा नियम वेगळा, तो इथे काढू नये.)

सगळ्या बिल्डिंगचं जेल पेस्ट कंट्रोल एकाच दिवशी करा, ॲसिड बंद करा, डबे घरात ठेवायला लावा. नसेल जमत तर कमिटीची पुढची मीटिंग ३०४ च्या हॉलमधे ठेवा, स्प्रेच्या वेळेला. त्यानंतरही उत्तर आलं नाही तर हेच पत्र उपनिबंधकांकडे जाईल.

आपला,
फ्लॅट ३०३