आठही दिवे लागले, तरी नेट तुटतंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिप्लोमाच्या प्रवेशाच्या जाहिराती सुरू झाल्या की ओळखीचे पालक मला हटकून विचारतात, 'नेटवर्किंगला स्कोप आहे का हो?' तालुक्याच्या गावी ऑफिसांची नेटवर्क जोडून देण्याचा माझा छोटा धंदा आहे, त्यामुळे 'आहे' असंच सांगतो. पण उन्हाळ्यात ट्रेनिंगला येणारी पोरं बघितली की वाईट वाटतं.

यंदा आलेल्याला ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम ज्या सात थरांत मांडून शिकवतात त्या मॉडेलचे, सातही लेयर तोंडपाठ. /26 एवढ्या नेटवर्कमध्ये संगणकांना वापरायला किती अॅड्रेस, तर कागद न घेता '62' म्हणाला. हुशार आहे. त्याला एका पतसंस्थेत नेटवर्कच्या केबलच्या टोकाला जॅक, म्हणजे आठ पिनांचा प्लग, मारायला बसवलं. केबलमध्ये आठ तारा, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. त्यानं नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या शेजारी-शेजारी लावल्या. दिसायलाही ते नीटनेटकं दिसतं. टेस्टरवर 1 ते 8 दिवे ओळीनं लागले, गडी खूश. आणि कॅशियरचा संगणक दर दोन मिनिटांनी सर्व्हरपासून तुटायला लागला.

तिढा असा, की 3 आणि 6 नंबरच्या पिना एकाच जोडीला जाव्या लागतात. म्हणून हिरवी जोडी फाकवून मधल्या 4 आणि 5 वर निळी घालायची. तारांना पीळ देतात तो बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा त्रास एकमेकींत कटावा म्हणून. जोडीच चुकली तर तो पीळ काय कामाचा? साधा टेस्टर बिचारा तार या टोकापासून त्या टोकाला पोचली का, एवढंच बघतो.

"कॉलेजात कधी जॅक मारला नाहीस?"
"मॅन्युअलमध्ये आहे ना सर ते प्रॅक्टिकल. सही पण झालीय."

मास्तरांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. तासिकेवर नेमलेला माणूस सिलॅबस संपवणार की जॅक मारायचं क्रिम्पिंग टूल शोधत फिरणार? वर संगणक एकमेकांना जोडणारा स्विच बिघडला तर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीला, उत्तर कोण देणार, म्हणून तो कपाटात. पॅकेट ट्रेसर या पडद्यावर नकली नेटवर्क उभारायच्या सॉफ्टवेअरवर राउटिंग उत्तम शिकता येतं, पण माउसनं जोडलेल्या केबलची क्लिप कधी तुटत नाही.

गंमत म्हणजे अशाच एका कॉलेजच्या नेटवर्कचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. मी रॅक, म्हणजे स्विच-केबलींचं कपाट, उघडून बसतो आणि नेटवर्क शिकणारी तिसऱ्या वर्षाची पोरं काचेबाहेरून बघत जातात. किल्ली हेडक्लार्ककडे. मला बिल मिळतं, पण ते काम त्या पोरांचं आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एक दिवस रॅक त्यांच्या हाती द्या. आणि प्रॅक्टिकल परीक्षेत प्रत्येकाला हातभर केबल नि दोन जॅक द्या, त्यानं केलेल्या केबलवरून मोठी फाइल पाठवून बघा, मग मार्क. जॅक चहापेक्षा स्वस्त पडतो.

बदललेले तीन चालू स्विच माझ्या माळ्यावर पडून आहेत. जवळपासच्या कॉलेजनं येऊन न्यावेत. डेडस्टॉकला नोंद करायची नाही, एवढीच अट.

– एक नेटवर्किंग व्यावसायिक, जि. सातारा