'ब्लू योडेल क्र. ९' ऐकवणाऱ्या काकांस आभारपत्र

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

आमच्या श्रवणमंडळाच्या सत्रासाठी आपण अमेरिकन कंट्री गायक जिमी रॉजर्स यांची 'ब्लू योडेल क्र. ९' ही मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी आपल्या संग्रहातून काढलीत, ती स्वतः येऊन वाजवलीत आणि कशी ऐकायची हेही आम्हाला दाखवलेत, त्याबद्दल मंडळातर्फे हे जाहीर पत्र लिहीत आहे.

कंट्री म्हणजे अमेरिकेतील ग्रामीण संगीत वेगळे आणि कृष्णवर्णीयांच्या परंपरेतून आलेले जॅझ-ब्लूज वेगळे, अशीच आमच्यापैकी बहुतेकांची समजूत होती. त्या समजुतीचे मूळ बाजारात आहे, हे आपण सांगितलेत. अमेरिकेतील कंपन्या त्या काळी गोऱ्या ग्रामीण गायकांच्या आणि कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्या निरनिराळ्या मालिकांत काढून निरनिराळ्या गिऱ्हाइकांना विकत. १६ जुलै १९३० रोजी हॉलिवूडमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी झालेल्या या ध्वनिमुद्रणात मात्र मिसिसिपीचे, एकेकाळी रेल्वेत ब्रेक्समन (गाडीचे ब्रेक सांभाळणारे कामगार) असलेले रॉजर्स गात आहेत, ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आहेत आणि पियानोवर लिल हार्डिन आर्मस्ट्राँग.

आपण तबकडी कडेने धरून, खाचांच्या दिशेने मऊ कापड फिरवत पुसलीत. लाँगप्लेची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी जाते आणि खरखरच अधिक उचलते, म्हणून जाड टोकाची सुई बसवलीत. फरक लगेच कळला. मोबाइलवर ऐकताना ट्रम्पेट मागे कुठेतरी दबलेला वाटे. आता प्रत्येक ओळीनंतर तो गायकाला उत्तर देत असल्याचे स्वच्छ ऐकू आले.

त्यानंतर आपण आम्हाला बोटांवर मात्रा मोजायला लावलेत, आणि आमच्या दृष्टीने खरा लाभ तोच. ब्लूजचा बारा बारचा, म्हणजे बारा समान तालखंडांचा, साचा ठरलेला असतो, पण रॉजर्स यांचा हिशेब स्वतःचा होता. ओळ संपल्यावर ते हवे तेवढे रेंगाळत, पुढची ओळ मनाला येईल तेव्हा उचलत. अशा गायकाला सांभाळून घेणे म्हणजे लहरी बुवांच्या मागे ठेका न सोडता बसण्याइतके अवघड काम. लिल हार्डिन ते किती शांतपणे करतात, आणि आर्मस्ट्राँग यांच्यासारखा वादक आपले सारे कौशल्य गायकाच्या श्वासाच्या बेताने कसे वापरतो, हे आपण पुन्हा पुन्हा सुई मागे नेऊन दाखवलेत. तीन मिनिटांहूनही लहान असलेल्या गाण्यासाठी आपण सबंध संध्याकाळ दिलीत.

या तबकडीला प्रयोग म्हणावे का, असे एकाने विचारले, तेव्हा आपण दिलेले उत्तर मला पूर्ण पटले. रॉजर्स यांच्या गाण्यात ब्लूज आधीपासूनच होता. १९२७ मधल्या पहिल्या 'ब्लू योडेल'पासून ते ब्लूजचीच कडवी गात होते आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी आवाज मोडून वरच्या पातळ स्वरात उडी, म्हणजेच योडेल, घेत होते. १९३० मध्ये नवे झाले ते एवढेच की ज्या परंपरेतून त्यांनी हे घेतले, त्या परंपरेतील दोन मोठे कलावंत त्यांच्या शेजारी येऊन बसले. गाण्यातला गायक ज्या कोपऱ्यावर उभा आहे तो अमेरिकेतील मेम्फिस शहराच्या बील स्ट्रीटवरचा, आणि लिल हार्डिन यांचा जन्मही मेम्फिसचाच, ही आपण जाता जाता दिलेली माहितीही आम्ही टिपून ठेवली आहे.

लेबलवर मात्र नाव एकट्या रॉजर्स यांचे होते. १९७० मध्ये कंट्री गायक जॉनी कॅश यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आर्मस्ट्राँग यांनी हेच गाणे पुन्हा वाजवले, त्यामुळे त्यांचा सहभाग निदान पुष्कळांना माहीत झाला. लिल हार्डिन यांचा उल्लेख आजही अनेकदा राहून जातो, याची आपल्याला वाटणारी खंत आपण बोलून दाखवलीत. म्हणून सत्राच्या छापील पत्रिकेत तिन्ही कलावंतांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत घेतली आहेत. तिची एक प्रत सोबत पाठवत आहे. ती आपण तबकडीच्या पाकिटात ठेवलीत, तर आम्हाला फार आनंद होईल.

आपली कृतज्ञ,
श्रवणमंडळाची एक सदस्य