रेडिओसोबत दिलेल्या अडॅप्टरमुळे आकाशवाणी नागपूर ऐकू येत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : रेडिओसोबत पुरवलेला सदोष अडॅप्टर बदलून मिळण्याबाबत, तसेच वॉरंटी नाकारताना मारलेला शेरा मागे घेण्याबाबत.

महोदय,

मी नागभीड तालुक्यातील (जि. चंद्रपूर) एका खेड्यात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरामागच्या वाडीत टिनाचे शेड टाकून मी सुतारकाम करतो. पाट, चौरंग, देव्हारे, क्वचित एखाद्या दाराची चौकट, एवढाच माझा व्याप आहे. या कामाच्या सोबतीसाठी गेल्या दिवाळीत मी आपल्या कंपनीचा, विजेवर आणि चार मोठ्या सेलवर चालणारा रेडिओ २,८९० रुपयांस विकत घेतला. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

रेडिओ सेलवर चालवला की त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आवाज भरदार आहे आणि निवेदकाचा शब्द न् शब्द कळतो. मात्र आपण खोक्यातून दिलेला अडॅप्टर जोडून तो विजेवर लावला, की ५८५ किलोहर्ट्झवरील आकाशवाणी नागपूर केंद्र एका सलग घरघरीखाली पूर्ण दबून जाते. गाणे चालू आहे की बातम्या, एवढेही उमगत नाही.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर प्रथम मला ‘एफ.एम. ऐका’ असे सुचवले. एफ.एम.च्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या रेषेतच पोचतात आणि नागपूर आमच्यापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. नागपूरची विविध भारती आमच्याकडे कधी लागते, कधी नाही, आणि माणूस खोलीतून चालत गेला तरी तुटते. मध्यम लहरी, म्हणजेच ए.एम., जमिनीलगत लांबवर जातात, म्हणून १९४८ साली सुरू झालेले नागपूर केंद्र आजही खेड्यापाड्यांत याच लहरींवर ऐकले जाते. रेडिओच्या खोक्यावर आपण स्वतः ‘ए.एम.’ असे ठळक छापले आहे आणि मी ते वाचूनच हा नमुना निवडला होता.

दोष नेमका कोठे आहे हे मी माझ्या परीने तपासून पाहिले. ते सविस्तर सांगतो, कारण सर्विस सेंटरमध्ये माझे म्हणणे कोणी पुरते ऐकून घेतले नाही. टिनाच्या छपराखाली लहरी अडतात हे मला ठाऊक आहे, म्हणून रेडिओ मी शेडबाहेर, वाडीतल्या सीताफळाच्या झाडाखाली स्टुलावर ठेवला. मध्यम लहरींचा अँटेना आतल्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो आणि कांडीची लांब बाजू केंद्राकडे असली की केंद्र सर्वांत चांगले लागते, त्यामुळे रेडिओची रुंद बाजू वायव्येला, म्हणजे नागपूरकडे केली. सेलवर केंद्र स्वच्छ लागले. मग रेडिओ तसाच सेलवर चालू ठेवून आपला अडॅप्टर मी रेडिओला न जोडता केवळ जवळच्या एक्स्टेंशन बोर्डात खोचला. बटण दाबताच घरघर सुरू झाली आणि बटण बंद करताच थांबली. हाच प्रयोग मी शेजाऱ्यांच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर केला, तर तोही त्याच क्षणी घरघरू लागला. शेवटी घरातला एक जुना, आत लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर असलेला ६ व्होल्टचा जड अडॅप्टर, त्याची धन आणि ऋण टोके तपासून, आपल्या रेडिओला जोडला. केंद्र सेलवर लागते तितकेच स्वच्छ लागले. यानंतर दोष रेडिओत आहे की अडॅप्टरमध्ये, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही.

आपला हलका अडॅप्टर विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून व्होल्टेज उतरवतो. त्यातून निघणारा उपद्रव गाळण्यासाठी आत योग्य फिल्टर नसेल, तर तो तारेतून आणि हवेतून थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात शिरतो. मोबाइलच्या चार्जरमध्ये ही उणीव असती तर मी समजू शकलो असतो. जो अडॅप्टर केवळ रेडिओ चालवण्यासाठी दिला आहे, त्यानेच रेडिओ बंद पाडावा हे मला पटत नाही. आपल्या पत्रात अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असल्याचे लिहिले आहे. तो आहे, मी पाहिला आहे. परंतु ती नोंदणी विजेचा धक्का आणि आग यांपासूनच्या सुरक्षिततेची असते. रेडिओच्या पट्ट्यात खरखर होणार नाही, अशी हमी तिच्यातून मिळत नाही.

माझ्या यंत्रांचा दोष मी आपल्यावर ढकलत नाही. हाती रंधा-मशीन आणि ग्राइंडर यांच्या मोटरींत कार्बन ब्रश असतात, त्यांच्या ठिणग्यांनी कोणताही ए.एम. रेडिओ खरखरतो. तेव्हा मी रेडिओ बंदच ठेवतो. माझे ऐकणे असते ते हातकामाच्या वेळी. पटाशीने सांधा कोरताना, साध्या रंध्याने फळी साफ करताना, फेविकॉल लावून क्लॅम्प कसल्यावर तो सुकेपर्यंत वाट पाहताना मला रेडिओ हवा असतो. हात भुशाने आणि गोंदाने माखलेले असताना मोबाइलला हात लावता येत नाही. रेडिओला तो लावावा लागत नाही. सकाळच्या बातम्या, दुपारची गाणी, संध्याकाळचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, यांवरच माझ्या शेडमधले घड्याळ चालते.

आपल्या प्रतिनिधीचा दुसरा सल्ला मात्र मला गंभीर वाटतो, म्हणून तो येथे नोंदवत आहे. ‘मोबाइलवर गाणी लावा आणि इअरफोन घाला, मशीनचा आवाजही येणार नाही,’ असे मला सांगण्यात आले. गोल करवतीवर सागाची फळी सारताना मी पात्याचा आवाज ऐकत असतो. फळीत गाठ आली किंवा फळी पात्याला आवळू लागली, की तो आवाज जड होतो, आणि हात आवरण्याची सूचना मला त्यावरूनच मिळते. फळी मागे उसळते ती त्यानंतरच्या क्षणात. शिवाय ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ-आठ तास राहिले तरी ऐकणे कायमचे कमी होऊ शकते. यंत्राच्या आवाजावर मात करायला इअरफोनमधले गाणे आणखी मोठे केले, तर कानाचे नुकसान वाढतेच. मी यंत्रावर कानाला मफ लावतो. त्यातून आवाज कमी होतो, पण करवतीचा बदललेला सूर कळतो. ग्राहकांना असा सल्ला देणे आपण कृपया त्वरित थांबवावे.

गेल्या महिन्यात मी एस.टी.ने नागपूरला जाऊन रेडिओ आणि अडॅप्टर सर्विस सेंटरमध्ये दिले. आठ दिवसांनी दोन्ही जसेच्या तसे परत मिळाले. कागदावर ‘आत लाकडाचा भुसा आढळला, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा होता आणि तपासणीचे ३५० रुपये घेण्यात आले. त्याच कागदावर ‘ए.एम. विभाग व्यवस्थित’ असेही लिहिले आहे. भुशाने रेडिओ बिघडला असता, तर ए.एम. विभाग व्यवस्थित कसा राहिला? अडॅप्टर तर सीलबंद आहे, त्यात भुसा जाण्यास वाटच नाही, आणि त्याची तपासणी केल्याची एक ओळही त्या कागदावर नाही. मी रेडिओला सुती कापडाची खोळ शिवली आहे. ती केवळ ऐकताना वर सारतो.

आज मी रेडिओ सेलवर चालवतो आणि त्यांचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून करतो. आमच्याकडे वीज जाते तेव्हा सेल लागणारच, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. परंतु वीज असतानाही सेल जाळावे लागणे हा भुर्दंड आहे.

तरी मध्यम लहरींवर खरखर न करणारा अडॅप्टर मला विनामूल्य पाठवावा आणि तो पाठवण्यापूर्वी ५८५ किलोहर्ट्झवर माझ्याच नमुन्याच्या रेडिओला जोडून तपासावा. तसा अडॅप्टर आपल्याकडे नसेल, तर रेडिओ परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तपासणीचे ३५० रुपये दोन्ही परिस्थितींत परत मिळावेत आणि भुशाचा शेरा लेखी मागे घ्यावा. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. त्यानेही काम न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करण्याची सोय या कायद्याने दिली आहे.

घरघरीचा आवाज मी मोबाइलवर रेकॉर्ड केला आहे. त्यात अडॅप्टरचे बटण तीन वेळा चालू-बंद केल्याचा खटका स्पष्ट ऐकू येतो. आपल्या तांत्रिक विभागाने तो एकदा ऐकावा, ही विनंती.

आपला ग्राहक,
तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर

सोबत : खरेदीची पावती, सर्विस सेंटरचा शेरा असलेला कागद, ३५० रुपयांची पावती, आवाजाचे रेकॉर्डिंग असलेला पेन ड्राइव्ह.