संशोधनासाठी गुण नकोत, वेळ हवा

महोदय,

प्राध्यापक संशोधन करतात ते बढतीपुरतेच, असे हल्ली सर्रास बोलले जाते. मिरज तालुक्यातील एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून हे पत्र.

त्या बोलण्यात तथ्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये बढती एपीआयच्या (छापलेल्या संशोधनासह शिक्षकाची कामगिरी गुणांत मोजणारा निर्देशांक) गुणांना बांधली आणि पैसे घेऊन पेपर छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. मे २०१८ मध्ये आयोगाला मान्य नियतकालिकांच्या आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे महाविद्यालयांसाठी अट सैल झाली, पण पेपर मोजण्याची सवय सुटली नाही. नॅक, म्हणजे महाविद्यालयाचे मूल्यांकन, जवळ आले की 'किती?' एवढेच विचारतात, 'कशावर?' हे कोणी विचारत नाही.

मला या कामाची गोडी लागली ती एका शेतकऱ्यामुळे. कृष्णाकाठच्या त्यांच्या उसाच्या रानात पांढरा थर धरू लागला होता. पिशवीत माती घेऊन ते थेट आमच्या विभागात आले. मुलींनी ती वाळवली, चाळली, पाण्यात ढवळून क्षारता मोजली. मग वरच्या वीतभर थराची आणि खालच्या मातीची तुलना केली. काळ्या जमिनीला वर्षानुवर्षे मोकाट पाणी, निचऱ्याला वाट नाही; भूजल वर चढते, पाण्याची वाफ होते, क्षार वरच राहतात. धड्यातले केशाकर्षण, म्हणजे बारीक पोकळ्यांतून पाण्याचे वर चढणे, मुलींना रानात दिसले. पुढचे नमुने त्यांनी सुट्टीत, कोणी न सांगता आणले. गुणांशिवायही संशोधन होतेच : साताऱ्याच्या वायतुरा या पाणवनस्पतीची नवी प्रजाती म्हणून नोंद १९८२ साली झाली, तेव्हा कुठे होता एपीआय?

ओढ असते, सवड नसते. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे अध्यापन, वर परीक्षा, प्रवेश, अहवाल. तासिका तत्त्वावरच्या माझ्या सहकाऱ्यांची स्थिती तर फार वाईट आहे. त्यांना वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, प्रयोगशाळेत घालवलेल्या संध्याकाळचे नाहीत. तरी ते थांबतात, याचे मला फार वाईट वाटते.

शिवाजी विद्यापीठाला आणि संस्थाचालकांना विनंती आहे : परिसरातला प्रश्न हाती घेणाऱ्या शिक्षकाचे आठवड्याचे चार तास मोकळे करा, तासिका शिक्षकांना या कामाचे मानधन द्या आणि शेतकऱ्याला मराठीत लिहून दिलेला अहवालही संशोधन म्हणून धरा. क्षारपड जमिनीचे नमुने पावसाच्या आधी घ्यावे लागतात. एप्रिलपूर्वी निर्णय झाला, तर यंदाच कामाला लागता येईल.

– एक प्राध्यापिका, मिरज (जि. सांगली)