आधी वाद्यांची यादी, मग विमानाची तिकिटं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युवा वाद्यवृंदांच्या परदेश दौऱ्यांवरचा आपला लेख वाचला. मुलांच्या मेहनतीचं कौतुक झालं, ते रास्तच आहे. पण दौऱ्याचा खर्च म्हणजे विमानभाडं आणि राहणं-जेवण, असा जो हिशेब लेखात मांडला आहे, नेमका तिथेच बहुतेक आयोजक फसतात. ऐंशी मुलं आपल्या पायांनी विमानात चढतात. घोडं अडतं ते वाद्यांपाशी. म्हणून तिकिटं काढण्याआधी वाद्यांची यादी करावी आणि ती समोर ठेवूनच कार्यक्रमातल्या रचना ठरवाव्यात.

चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी युवा वाद्यवृंदांच्या विशेष आवडीची. तिच्यात ट्यूबा, म्हणजे पितळी फुंकवाद्यांतलं सर्वांत खर्जाचं अवजड वाद्य, फक्त संथ भागात, मोजक्या सुरांपुरता वाजतो आणि झांज अख्ख्या सिंफनीत एकदाच, तीही हलकेच. एवढ्यासाठी ट्यूबा समुद्रापार न्यायचा का, हा प्रश्न तिकिटं काढून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या रचनेतही ट्यूबा असेल तर न्यावा. नाहीतर यजमान वाद्यवृंदाकडून वाद्य आणि वादक दोन्ही मागून घ्यावेत. हार्पचं तर बोलायलाच नको. 47 तारांचं ते धूड तिथेच भाड्याने घेतलेलं बरं.

कागदपत्रांत व्हिसाची आठवण सगळ्यांना असते, पालकांच्या संमतिपत्रांचीही असते. विसरलं जातं ते एटीए कार्नेट. वाद्यं तात्पुरती बाहेर नेऊन शुल्क न भरता परत आणण्यासाठीचा हा कस्टम्सचा दस्तऐवज, मुदत जास्तीत जास्त 1 वर्ष. मालवाहतुकीने जाणाऱ्या वाद्यांसाठी तर तो हवाच. त्यात प्रत्येक वाद्याचं वर्णन, अनुक्रमांक, वजन आणि किंमत लिहावी लागते, आणि कार्नेट एकदा निघालं की यादीत एकही वस्तू वाढवता येत नाही. निघायच्या आठवड्यात कुणी आपलं बासून (खर्जातलं लांब फुंकवाद्य) बदललं की कागदावरचा आणि पेटीतला क्रमांक जुळत नाही. व्हायोलिनच्या पेटीत दोन गज असतील तर दोघांचीही नोंद हवी. फुंकवाद्यांच्या रीड (पात्या), गजाला लावायचं रोझिन (राळ), वाटायच्या कार्यक्रमपत्रिका अशा तिथेच संपणाऱ्या वस्तू त्यात घालू नयेत. देश सोडताना, तिथे पोचल्यावर, तिथून निघताना आणि घरी परतल्यावर असे चार शिक्के लागतात. राहतो तो तिसरा. परतीचं विमान पहाटेचं असतं, मुलं पेंगत असतात आणि कस्टम्सची खिडकी उघडलेली नसते. तो शिक्का नसला की वाद्यं त्या देशातच राहिली असं धरून शुल्काची मागणी येते. खिडकी किती वाजता उघडते हे आधीच विचारून घ्यावं आणि परतीचं विमान त्या हिशेबाने निवडावं.

दुसरी अडचण गजाच्या टोकाशी असते. जुन्या गजाच्या टोकाला नखाएवढी पांढरी पट्टी असते, ती हस्तिदंताची असू शकते. पकडीवर घोरपडीच्या जातीचं कातडं गुंडाळलेलं असतं, क्वचित फ्रॉग, म्हणजे गज धरतो तिथला ठोकळा, कासवाच्या कवचाचा असतो. आजोबांचा गज नातवाच्या हाती येतो, पण ती पट्टी कशाची हे घरात कुणी पाहिलेलंच नसतं. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राचे सात गज हस्तिदंताच्या संशयावरून ठेवून घेतले होते. व्यावसायिकांची ही गत, तर मुलांचं काय होणार? दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराखाली वाद्यासाठी प्रमाणपत्र मिळतं, ते 3 वर्षांपर्यंत चालतं. पण मिळायला वेळ लागतो आणि नेमून दिलेल्या सीमाठाण्यांवरच ते दाखवावं लागतं. गजाचं पर्नाम्बुको लाकूडही 2007 पासून या कराराच्या यादीत आहे, त्याचे ताजे नियम निघण्यापूर्वी पाहावेत. सरळ उपाय म्हणजे दौऱ्यापुरता कार्बन फायबरचा गज न्यावा. तीन महिने आधी हातात दिला तर मुलाला त्याची सवय होते. क्लॅरिनेट-ओबोच्या काळ्या लाकडाची मात्र काळजी नको. ते शिसवीच्या कुळातलं. हे कूळ 2017 मध्ये यादीत आलं तेव्हा बराच गोंधळ उडाला होता, पण ब्राझीलची शिसवी सोडून बाकीच्यांच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर 2019 पासून सूट आहे.

विमानातली हवा फार कोरडी, आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्याही खाली. लाकूड आक्रसतं, खुंट्या सैल होतात, सरसाने जोडलेले सांधे उकलतात. सांधा उकलणं हे खरं तर वाद्याचं भाग्य, कारण सरस आधी सुटला म्हणून लाकूड चिरत नाही. सेलोसाठी वेगळी सीट घ्यावी आणि तिकिटाबरोबरच घ्यावी, मागाहून ती मिळेलच असं नाही. कार्गोत जाणाऱ्या वाद्याच्या तारा थोड्या उतराव्यात, पूर्ण सोडू नयेत. तारांच्या दाबावरच घोडी उभी असते आणि आतली छोटी काठी, म्हणजे साउंडपोस्ट, टिकून असते. तिला सरस लावलेला नसतो. दाब गेला की ती आडवी होते, आणि ती उभी करणारा कारागीर मैफलीच्या दिवशी शोधावा लागतो. ओबो-क्लॅरिनेट थंडीतून आणल्यावर लगेच फुंकू नयेत. उबदार श्वासाने आतलं लाकूड फुगतं, बाहेरचं थंडच राहतं आणि वाद्याच्या वरच्या तुकड्याला चीर पडते.

डबल बास पेटीसकट बहुतेक विमान कंपन्यांची नगामागे 32 किलोची मर्यादा ओलांडतो, म्हणून तो बहुधा तिथेच भाड्याने घेतात. गज मात्र आपापला न्यावा. फ्रेंच आणि जर्मन पकड वेगळी आणि समोर कुठला गज मिळेल याचा भरवसा नसतो. टिंपनी, म्हणजे पातेल्याच्या आकाराचे नगारे, मागवताना फक्त “चार नग” लिहून भागत नाही. अमेरिकी मांडणीत सर्वांत मोठं पात्र वादकाच्या डाव्या हाताला असतं, जर्मन मांडणीत उजव्या. वर्षानुवर्षं एका बाजूने सराव केलेल्या मुलाला रंगीत तालमीत सगळं उलटं मांडलेलं दिसलं तर त्याच्या हातांनी काय करावं? पात्रं फिरवता येतात, पण काही पेडलं त्या बाजूने नीट चालत नाहीत. यासाठी 32, 29, 26, 23 इंच अशी मापं, मांडणीची बाजू आणि सुराची पट्टी तिन्ही लिहून पाठवावीत. युरोपात 442 किंवा 443 हर्ट्झला, म्हणजे किंचित चढ्या पट्टीत लावलेली वाद्यं सर्रास मिळतात. व्हायोलिन चढवता येतं. ग्लोकनश्पील, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य, मात्र जागेवर चढवता-उतरवता येत नाही.

रंगमंचाचं मापही आधीच मागवावं. व्हायोलिन वादकाला सव्वा चौरस मीटर, बासला जवळपास पावणेदोन, टिंपनीला दहाच्या आसपास आणि बाकीच्या तालवाद्यांना वीसपर्यंत. सेलोला हात नसलेली सपाट बैठकीची खुर्ची लागते. सभागृहांत मिळणारी मागे झुकलेली खुर्ची वादकाला मागे ढकलते.

शेवटचा मुद्दा बसचा. युरोपीय संघात चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, आणि एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत साधारण सलग 11 तासांची, जी आठवड्यात मोजक्या वेळाच 9पर्यंत कमी करता येते. मैफल साडेदहाला संपून वाद्यं भरेपर्यंत मध्यरात्र उलटते. मग पहाटे सहाला पुढच्या शहराकडे निघायचा बेत फक्त कागदावर राहतो. दुसरा चालक तरी घ्यावा, नाहीतर पुढची मैफल एक दिवस पुढे ढकलावी.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक