इस्रायलशी तुलना करायची, तर पुरती करावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात टँकर सुरू झाले की एक वाक्य हमखास कानावर पडते : "इस्रायलमध्ये आपल्यापेक्षा कमी पाऊस पडतो, तरी तिथे वाळवंटात शेती फुलते, मग आपल्यालाच का जमत नाही?" सभांमधून, कृषी प्रदर्शनांतून आणि वृत्तपत्रांच्या पानांवरून हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकतो-वाचतो आहे. मी अंबाजोगाई परिसरात भूगोल शिकवला आणि आजही घरची कोरडवाहू जमीन कसतो. या वाक्यात शेतकऱ्याला नालायक ठरवण्याचा जो सूर असतो तो मला बोचतोच. पण दोन देशांचा भूगोल पावसाच्या एका आकड्यात गुंडाळला जातो, याचे वाईट अधिक वाटते.

इस्रायलचे क्षेत्रफळ सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने दोन बीड जिल्हे. एवढ्याशा देशात पावसाची तफावत मात्र विलक्षण आहे. उत्तरेकडच्या गॅलिलीच्या डोंगरांत वर्षाला ७०० मिलिमीटरहून अधिक, तेल अवीव आणि जेरुसलेमला पाचशे-साडेपाचशे, बीरशेबाला दोनशेच्या आसपास, आणि तांबड्या समुद्रावरच्या एलातला जेमतेम पंचवीस-तीस. निम्म्याहून अधिक भूभाग नेगेव्हच्या वाळवंटाने व्यापलेला आहे. आपल्याकडे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असूनही मराठवाड्याच्या वाट्याला मोसमी पाऊस सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर येतो. तेव्हा 'कमी पाऊस' हे म्हणणे आकड्यापुरते खरे आहे. परंतु तो पाऊस कोणत्या ऋतूत पडतो आणि कोणत्या खडकावर पडतो, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

इस्रायलचे हवामान भूमध्यसागरी आहे. तिथे पाऊस ऑक्टोबर ते मे या काळात आणि त्यातही मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे ऐन थंडीत पडतो. जेरुसलेममध्ये जानेवारीत दिवसाचे तापमान दहा-बारा अंशांच्या फारसे पुढे जात नाही. अशा गारठ्यात पडलेल्या पाण्याची वाफ कमी होते आणि पिकाची तहानही मंद असते, त्यामुळे जमिनीत उतरायला पाणी शिल्लक राहते. आपला पाऊस जून ते सप्टेंबर या उबदार महिन्यांत, तोही मोजक्या दिवसांत कोसळतो. कधी एका रात्रीत शंभर मिलिमीटर पडून बांध फुटतात आणि मग तीन आठवडे ढग नुसते वरून जातात, सोयाबीन माना टाकते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा उधारीवर बियाणे आणावे लागते. वार्षिक सरासरी काढताना ती एक रात्र आणि ते तीन आठवडे एकाच बेरजेत विरून जातात.

खडकाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. इस्रायलच्या मध्यवर्ती डोंगररांगा चुनखडीच्या आहेत. चुनखडी पाण्यात झिजते, तिच्यात भेगा आणि पोकळ्या होतात. हिवाळ्याचा पाऊस त्यांतून खाली जाऊन मोठे भूजलसाठे भरतो. समुद्रकिनाऱ्याला वाळूच्या दगडाचा आणखी एक साठा आहे. हर्मोन पर्वतावरचे बर्फ वितळून खडकात मुरते आणि झऱ्यांच्या रूपाने जॉर्डन नदीला मिळते. यांतल्या काही पाण्यावर शेजाऱ्यांशी जुना वाद आहे, हेही नमूद केले पाहिजे.

आमच्या विहिरीत उतरून पाहिले तर मराठवाड्याचा सगळा भूगर्भ दिसतो. वर चार-साडेचार फूट काळी माती, तिच्याखाली दोन-तीन परस (परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली) पिवळसर मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. पाणी साठते ते मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. शंभर घनमीटर अशा खडकातून एक ते तीन घनमीटर पाणी हाती लागले तरी पुष्कळ. सप्टेंबरात ही विहीर हाताने पाणी घेता येईल इतकी भरते, संक्रांतीपर्यंत निम्मी होते आणि फेब्रुवारी सरता सरता तळाचा गाळ उघडा पडतो. शेजारच्या रानात सहाशे फुटांवर गेलेली कूपनलिका फुफाटाच वर काढते, कारण बेसॉल्टमध्ये, म्हणजे या काळ्या पाषाणात, खोल गेले म्हणून पाणी वाढत नाही. याच दगडावर आपण वर्षभराच्या उसाचे गणित मांडतो.

तिसरी गोष्ट उंचीची. इस्रायलची बहुतेक लोकसंख्या किनारपट्टीवर किंवा तिच्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर राहते. त्यामुळे २००५ साली अश्केलॉनला आणि पुढे हादेरा, सोरेक अशा ठिकाणी समुद्राचे पाणी गोडे करणारे मोठे प्रकल्प उभे राहिले, आणि आज तिथल्या घरगुती वापराच्या पाण्याचा मोठा वाटा त्यांतून येतो. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आणि किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एक हजार लिटर पाणी नुसते सहाशे मीटर वर चढवायला, पंपात काहीही वाया जात नाही असे मानले तरी, दीड युनिटहून अधिक वीज लागते. खारे पाणी गोडे करायला त्याआधीच तीन-चार युनिटे लागलेली असतात. जेरुसलेमलाही पाणी असेच चढवून नेतात, हे मान्य. पण ते मुख्यतः पिण्यासाठी, शेताच्या पाटासाठी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर पाणी होते. त्या पाच लाख लिटरचे किती कौतुक झाले हे मला आठवते. तेवढ्या पाण्याने एका एकरावर साडेबारा सेंटीमीटरही थर उभा राहत नाही.

आणखी एक फरक माणसांचा आहे. इस्रायलची लोकसंख्या नव्वद लाखांहून अधिक असली तरी ती बहुतांशी शहरी आहे. शेतीवर पोट असणारे फार थोडे, आणि धान्य मुख्यतः परदेशातून येते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेनुसार एक कोटी ८७ लाख लोक होते आणि त्यांच्यातल्या बहुसंख्यांचा संसार पावसावरच चालतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, "मग आपला भूगोलच वेगळा, शिकण्यासारखे काही नाही." तसे मला अजिबात म्हणायचे नाही. काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या एका अभ्यासदौऱ्यात मी नेगेव्हच्या कडेची एक बाग पाहिली. सगळे जण ठिबकच्या नळ्यांचे फोटो काढत होते. मला मात्र दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटल्या. एक म्हणजे नळ्यांचा जांभळा रंग. शहरातले शुद्ध केलेले सांडपाणी आहे, पिऊ नये, हे ओळखण्यासाठी तो रंग असतो. तो देश आपल्या सांडपाण्यापैकी ८५ टक्क्यांहून अधिक पाणी शुद्ध करून शेतीला देतो. दुसरी गोष्ट म्हणजे बागेच्या तोंडाशी असलेले पाण्याचे मीटर आणि वर्षाला मिळणाऱ्या पाण्याचा ठरलेला कोटा. १९५९ च्या कायद्याने तिथले सर्व पाणी, अगदी स्वतःच्या रानातल्या विहिरीचेसुद्धा, सार्वजनिक मालकीचे झाले. १९६४ मध्ये गॅलिली सरोवराचे पाणी दक्षिणेला नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली, ती या कायद्यानंतर. म्हणजे आधी हिशेब झाला, नळ नंतर आला.

आपण नेमके उलटे केले. ठिबक उचलले आणि ते चांगलेच झाले. माझ्या दोन एकर मोसंबीला त्यानेच तारले. पण ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी दोन एकर ऊस लावतो, त्यामुळे उपसा होता तेवढाच राहतो. मराठवाडा वॉटर ग्रिडच्या, म्हणजे धरणे जलवाहिन्यांनी जोडण्याच्या योजनेच्या, आराखड्यासाठी २०१८ मध्ये राज्याने इस्रायलच्या मेकोरोट कंपनीशी करार केला. धरणे एकमेकांना जोडली तरी त्यांत पाणी किती आहे आणि कोण किती उपसतो हे मोजल्याशिवाय ग्रिडमधून काय वाहणार? २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि २००९ चा भूजल कायदा, असा सांगाडा आपल्याकडेही आहे. तरीही आमच्या गावात एकाही विहिरीवर मीटर नाही, आणि तालुक्याच्या गावाचे सांडपाणी उघड्या ओढ्याने नदीत जाते.

कमी पाण्यावर जगण्याची एक पद्धत आमच्या आजोबांनाही ठाऊक होती. काळे रान पावसाळाभर मोकळे ठेवून त्यात ओल मुरवायची, वाफसा आला की सप्टेंबरच्या अखेरीस शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा आणि नंतर एक थेंबही न देता फेब्रुवारीत कणसे मोडायची. ही शेती आपल्या मातीच्या जाडीवर आणि आपल्या मोसमी पावसावर बेतलेली आहे. तिच्यावर संशोधन आणि तिच्या ज्वारीला बाजारात भाव, या दोन्ही गोष्टी परदेशी दौऱ्यांच्या खर्चाच्या मानाने स्वस्त पडतील असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. यापुढे इस्रायलशी किंवा अन्य कोणत्याही देशाशी तुलना छापताना वार्षिक पावसाच्या शेजारी पावसाचे दिवस किती, ते कोणत्या महिन्यांत, खाली खडक कोणता आणि शेतीवर अवलंबून माणसे किती, एवढे चार रकाने कृपया द्यावेत. आणि उन्हाळ्यात धरणांचा टक्केवारीचा तक्ता जसा रोज येतो, तशी भूजल सर्वेक्षणाची तालुकावार पाणीपातळीही ऑक्टोबरातच, म्हणजे उसाच्या लागणीचा निर्णय होण्याआधी, ठळकपणे प्रसिद्ध व्हावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड