देवळालीतला 'ळ' आणि हरवलेला ताप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजीतल्या गमतीदार शब्दांवर लेख आला होता. त्यात 'डूलॅली' या शब्दापुढे एवढंच लिहिलं होतं : 'वेडसर, चक्रम. देवळाली गावावरून.' मी देवळाली कॅम्पातच लहानाची मोठी झाले आणि इथल्याच शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ती ओळ मनाला फार लागली. वाचणाऱ्याला वाटणार, हे गावच वेड्यांचं.

मुळात हा शब्द एकटा नव्हता. 'डूलॅली टॅप' अशी जोडी होती. इंग्रज सैनिकांच्या आणि खलाशांच्या बोलीचा एक कोश १९२५ साली निघाला, त्यात ती जोडीनेच आहे. हा 'टॅप' म्हणजे नळ नव्हे आणि टिचकीही नव्हे. तो आपला ताप. आई कपाळावर उलटा हात ठेवून 'अगं बाई, ताप आलाय की हिला' म्हणते, तोच. देवळालीचा ताप. पुढे इंग्रजीतून ताप गळाला आणि वेडेपणा सगळा आमच्या गावाच्या नावावर चढला.

ताप कसला होता, ते सांगायला हवं. १८६१ साली इथे इंग्रजांची छावणी उभी राहिली. विलायतेहून आलेल्या पलटणी मुंबईला बोटीतून उतरायच्या, आगगाडीने कसाऱ्याचा घाट चढून इथे यायच्या आणि इथून पुढे देशभर जायच्या. परतीची वाटही इथूनच. नोकरीची मुदत भरलेल्या शिपायाला देवळालीत आणून ठेवायचे आणि बोट लागली की मुंबईला न्यायचे. पण सैनिकांच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. एखाद्याची मुदत एप्रिलात भरली, तर त्याने अख्खा उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढायचा. हातात सुटकेचा हुकूम, आणि घर हजारो मैलांवर. धड काम नाही, रोज तीच बराक. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की दिवसचे दिवस खिडकीबाहेर करडं आभाळ तेवढं दिसतं. त्या खिडकीशी बसलेला माणूस मला डोळ्यांपुढे दिसतो.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा शिपाई या छावणीतून गेला होता. 'ओल्ड सोल्जर साहिब' हे त्याचं पुस्तक १९३६ साली आलं. वर्षानुवर्षं एकही डाग न लागलेली माणसं इथल्या रिकामपणाने बिघडायची आणि शिक्षा ओढवून घ्यायची, असं त्यात आहे. हा वाक्प्रचार छावणीतल्या कंटाळ्यातूनच निघाला असावा, असं त्याचं मत. मला ते पटतं. देवळालीच्या हवेत वेड नाही. उलट हवापालटासाठी लोक मुद्दाम इथे यायचे, पारशी मंडळींची सॅनिटोरियमं आजही उभी आहेत. माणसांना आजारी पाडलं ते वाट पाहण्याने.

आणि ज्या घराकडे ते डोळे लावून बसले होते, त्याला ते 'ब्लायटी' म्हणत. तोही शब्द इथलाच, 'विलायती' वरून गेलेला. पोचायचं होतं त्या घराला आणि अडकून पडले त्या जागेला, दोन्हींना नाव इथल्या मातीतलं. शिकवताना मी हे मुलांना दरवर्षी सांगायचे आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करून ऐकायची.

म्हणून विनंती आहे, पुढच्या वेळी हा शब्द छापाल तेव्हा 'ताप' जरूर छापा, आणि बोटीची वाट पाहणारे ते शिपाईही. लेखात एका ठिकाणी गावाचं नाव 'देओलाली' पडलं आहे, तेही दुरुस्त करावं. इंग्रजी स्पेलिंगात 'व' चा 'ओ' झाला आणि 'ळ' त्यांच्या जिभेला वळला नाही, हे समजू शकते. मराठी वर्तमानपत्रात तरी 'देवळाली' हवं.

माझी लेक इंग्लंडात लीड्सला नर्स आहे. तिच्या वॉर्डातल्या एका आजोबांना सकाळीच घरी सोडलं होतं. कागदांवर सह्या झाल्या, कोट चढवून, पिशवी मांडीवर घेऊन ते खुर्चीत बसले होते, पण घरी न्यायला गाडीच येईना. दुपारी ते तिला म्हणाले, 'पोरी, इथे बसून बसून मी डूलॅली होणार.' ती म्हणाली, 'आजोबा, मी तिथलीच.' मग तिने त्यांना छावणी, बोटी, ताप सगळं सांगितलं. त्यांनी जन्मभर तो शब्द वापरला होता, पण हे गाव आहे याचा पत्ता नव्हता. साडेचारला गाडी आली, तोवर ते 'देवळाली' म्हणून बघत होते. 'व' जमला. 'ळ' काही जमला नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
देवळाली कॅम्प, जि. नाशिक